राजवाडा सोडला, एम्स उभारलं

नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली पसंती कुठलं कॉलेज? उत्तर ठरलेलं. दिल्लीचं एम्स. तिथं नंबर लागला की गल्लीत पेढे, फ्लेक्स, क्लासच्या जाहिरातीत फोटो. पण हे एम्स आलं कुठून? त्याचं विधेयक संसदेत कुणी मांडलं? देशाच्या तिजोरीत खडखडाट असताना त्यासाठी पैसे कुठून आणले? या प्रश्नांवर भलेभले डोकं खाजवतात. उत्तराचं नाव मात्र आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री कोण? राजकुमारी अमृत कौर. एक मार्क मिळाला, पुढचा प्रश्न.

त्या एका ओळीत एक अख्खं आयुष्य दाबून बसवलेलं आहे. राजघराण्यात जन्मलेली, इंग्लंडात शिकलेली एक मुलगी. तिनं ठरवलं असतं तर टेनिस, पार्ट्या आणि शिमल्याची थंड हवा यात आयुष्य मजेत गेलं असतं. तिनं ते सोडलं. त्यागाच्या अशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात. अमृत कौर यांची गोष्ट तिथं संपत नाही, हे तिचं वेगळेपण. सोडून झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी बांधायला सुरुवात केली.

घर राजाचं, वारे वेगळे

१८८०च्या दशकाच्या शेवटाला लखनौमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील राजा हरनाम सिंग पंजाबातल्या कपूरथळा संस्थानच्या राजघराण्यातले. गादीवरून वाद झाले, त्यांनी कपूरथळा सोडलं आणि ते अवधमध्ये येऊन संस्थानच्या तिथल्या जमीनजुमल्याचा कारभार बघू लागले. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई प्रिसिला बंगाली, जालंधरमध्ये काम करणाऱ्या गोलकनाथ चॅटर्जी या मिशनरींची मुलगी. म्हणजे घर शीख राजघराण्याचं, धर्म ख्रिस्ती, आजोळ बंगाली, भाषा इंग्रजी. भावंडांत अमृत सगळ्यांत धाकटी आणि एकुलती एक मुलगी. लाड किती झाले असतील, विचारू नका.

शिक्षणासाठी तिला इंग्लंडला, डॉर्सेटमधल्या शेरबॉर्न या मुलींच्या शाळेत पाठवलं. अभ्यासात हुशार होतीच, पण मैदानावरही पुढे. हॉकी, क्रिकेट, टेनिस. मुलींनी घाम गाळून खेळावं ही कल्पनाच भारतात नवी होती, त्या काळातली ही गोष्ट. खेळाचं हे वेड आयुष्यभर टिकलं. पुढे मंत्री झाल्यावर १९५३ साली खेळाडूंना तज्ज्ञ प्रशिक्षक मिळावेत म्हणून देशात एक योजना सुरू झाली. तिचं नावच राजकुमारी कोचिंग स्कीम.

शिक्षण आटोपून त्या परत आल्या तेव्हा घरी एका मराठी माणसाची ये-जा होती. गोपाळ कृष्ण गोखले. हरनाम सिंगांशी त्यांचा स्नेह होता. देश म्हणजे काय, पारतंत्र्य म्हणजे काय, हे अमृत कौर यांना पहिल्यांदा नीट उमगलं ते गोखल्यांच्या बोलण्यातून. दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या गांधी नावाच्या बॅरिस्टरबद्दलही त्यांनीच सांगितलं. गोखले १९१५ साली गेले. त्यांनी पेटवलेली वात मात्र विझली नाही.

१९१९ आणि वाट बघण्याची वर्षं

१९१९ साल पंजाबसाठी भयंकर होतं. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरनं नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडायला लावल्या. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवणाऱ्या अनेक घरांचा भ्रम त्या दिवशी फुटला. इंग्लंडात वाढलेल्या अमृत कौर यांचाही. त्याच वर्षी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. मन तिथंच ठरलं.

पण मन ठरलं म्हणून लगेच पिशवी उचलून आश्रमात जाता येत नाही. आईवडिलांचा विरोध होता. त्यांचं वय झालं होतं, तब्येती बऱ्या नव्हत्या. एकुलती एक मुलगी म्हणून त्यांची जबाबदारी अमृत कौर यांच्यावर होती आणि ती त्यांनी टाळली नाही. वडील १९३० साली वारले. तोवर अकरा वर्षं गेली. घर की ध्येय, या ओढाताणीत अडकलेल्या कुणालाही ही अकरा वर्षं समजतील.

ती वर्षं त्यांनी हातावर हात ठेवून काढली नाहीत. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजमध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. या परिषदेच्या उभारणीत अमृत कौर यांचा मोठा वाटा होता, पुढे त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. सुरुवात मुलींच्या शिक्षणापासून झाली. पण मुलीचं लग्नच दहाव्या-बाराव्या वर्षी होत असेल तर ती शिकणार कधी? मग बालविवाहाचा विषय आला. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि मुलींच्या लग्नाचं वय किमान १४ ठरलं, त्यामागे या बायकांचा रेटा होता. पडदा, देवदासी, वारसाहक्क असे एकेक विषय मग परिषदेच्या पटलावर येत गेले.

आणि मग मताचा अधिकार. १९३३ साली ब्रिटिश संसदेची संयुक्त समिती भारताच्या नव्या राज्यव्यवस्थेचा विचार करत होती. तिच्यापुढे भारतीय बायकांची बाजू मांडायला तिघी लंडनला गेल्या. मद्रासच्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी, बेगम शरीफा हमीद अली आणि अमृत कौर. इंग्रजांच्या मनात होतं की ज्यांच्या नवऱ्याकडे मालमत्ता आहे अशा बायकांना त्या नात्यानं मत द्यावं आणि काही जागा राखून ठेवाव्यात. या तिघींचं म्हणणं साफ होतं. प्रत्येक सज्ञान माणसाला मत द्या, बाई असो वा पुरुष. कुणाची बायको म्हणून मत नको आणि राखीव जागाही नकोत. इंग्रजांनी ऐकलं नाही. १९३५च्या कायद्यात मर्यादित मताधिकार आला, राखीव जागाही आल्या. त्यांची मागणी पूर्ण व्हायला देश स्वतंत्र व्हावा लागला.

सेवाग्रामची सेक्रेटरी

वडील गेल्यावर वाट मोकळी झाली. १९३०च्या दशकात त्या गांधीजींच्या कामात पूर्ण वेळ उतरल्या. आधी वर्धा, मग १९३६ पासून वर्ध्याजवळचं शेगाव. तेच पुढे सेवाग्राम झालं. विदर्भातला उन्हाळा आपल्याला माहीत आहे. शिमल्यात बंगला असलेल्या बाईनं तिथं कुडाच्या भिंती आणि कौलांच्या छपराखाली राहायचं, खादी नेसायची, सूत काढायचं. आणि सोबत ढीगभर पत्रव्यवहार.

महादेवभाई देसाई, प्यारेलाल यांच्याबरोबर अमृत कौर यांनी जवळपास १६ वर्षं गांधीजींच्या सचिव म्हणून काम केलं. जगभरातून पत्रं येत. त्यांची उत्तरं, मसुदे, भाषांतरं, भेटीच्या वेळा. हे काम इतिहासाच्या पुस्तकात दिसत नाही. पण कुठलंही मोठं आंदोलन अशा टेबलावरच्या कामाशिवाय चालत नाही. गांधीजींची त्यांना लिहिलेली शेकडो पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली. त्यात गांधीजी त्यांना लाडानं कधी वेडी म्हणतात, कधी बंडखोर, आणि खाली स्वतःची सही जुलमी अशी करतात. गुरू-शिष्येचं नातं म्हणून आपण जे गंभीर चित्र रंगवतो, त्यापेक्षा हे फार मोकळं होतं.

तुरुंगही चुकला नाही. १९३७ साली काँग्रेसच्या वतीनं त्या वायव्य सरहद्द प्रांतात बन्नूला गेल्या. तिथं राजद्रोहाचा ठपका ठेवून त्यांना कैदेत टाकण्यात आलं. १९४२ साली चले जाव आंदोलन पेटलं तेव्हा त्या शिमल्यात मिरवणुकांच्या पुढे होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. राजघराण्यातली म्हणून कुणी काठी आवरली नाही. सरकारच्या शिक्षणविषयक सल्लागार मंडळावर त्या होत्या, ते पद त्यांनी सोडलं. मग अटक, अंबाल्याचा तुरुंग, प्रकृती ढासळल्यावर शिमल्याच्या स्वतःच्याच घरात स्थानबद्धता.

घटना समितीतली जागा

देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या घटना समितीत १५ महिला होत्या. अमृत कौर त्यांच्यातल्या एक. त्या निवडून आल्या कुठून, माहितीये? मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून. ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, तिथून. सेवाग्रामच्या वर्षांनी त्यांना ही ओळख दिली होती.

मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्या होत्या. डॉ. आंबेडकर होते, मिनू मसानी होते, हंसा मेहता होत्या. धर्मस्वातंत्र्याच्या कलमाचा मसुदा समोर आला तेव्हा अमृत कौर आणि हंसा मेहता यांना एक धोका दिसला. धर्माचं आचरण करण्याचं स्वातंत्र्य बिनशर्त दिलं तर उद्या कुणीही म्हणेल की पडदा हाही धर्माचार, देवदासी हाही धर्माचार, बालविवाहबंदी म्हणजे धर्मावर घाला. वीस वर्षं झगडून मिळवलेले कायदे एका वाक्यानं कोर्टात पडले असते. दोघींनी आक्षेप लेखी नोंदवला. आज घटनेचं २५ वं कलम उघडून बघा. धर्मस्वातंत्र्य आहेच, पण समाजसुधारणेसाठी कायदे करण्याचा सरकारचा अधिकारही तिथं स्पष्ट राखलेला आहे. त्यामागे ही जागरूकता होती.

समान नागरी कायद्याच्या प्रश्नावर उपसमितीत मतं फुटली. तो न्यायालयातून मागता येणारा हक्क असावा असं वाटणाऱ्यांत मसानी, हंसा मेहता आणि अमृत कौर होत्या. ते अल्पमतात गेले, त्यांनी विरोधी टिपण लिहिलं. अमृत कौर स्वतः अल्पसंख्याक समाजातल्या होत्या, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

मंत्रिमंडळातली एकटी बाई

१५ ऑगस्ट १९४७. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात सरदार पटेल होते, मौलाना आझाद होते, डॉ. आंबेडकर होते. आणि एकच महिला होती. अमृत कौर यांच्याकडे आरोग्य खातं आलं.

कसला देश त्यांच्या हाती आला, हे समजून घ्यायचं तर १९४६च्या भोर समितीच्या अहवालातले आणि त्या काळातले इतर आकडे बघावे लागतात. भारतात जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान होतं २७ वर्षांच्या आसपास. साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर. ४३,००० माणसांमागे एक नर्स. टीबीनं दरवर्षी सुमारे ५ लाख माणसं मरत. मलेरिया वर्षाला साडेसात कोटी लोकांना होत असे आणि त्यातले ८ लाख दगावत.

त्यात फाळणी. पंजाबात लाखो माणसं छावण्यांमध्ये येऊन पडली होती. जखमी, उपाशी, आजारी. पटकीची साथ आली असती तर कत्तलीतून वाचलेलेही गेले असते. अमृत कौर आणि एडविना माउंटबॅटन यांनी पंजाबातल्या छावण्या पालथ्या घातल्या. औषधं, लस, पाणी, नर्स, सगळ्याचीच वानवा. आणि जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. ज्यांच्या शब्दावर आयुष्य वळवलं, तो माणूसच राहिला नाही.

पुढे घटना लागू झाल्यावरही सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांकडेच राहिला. म्हणजे दिल्लीतल्या आरोग्यमंत्र्याच्या हुकमाखाली गावातला दवाखाना नव्हता. हाती होतं ते देशव्यापी मोहिमा आखणं, केंद्राचा पैसा वळवणं आणि परदेशातून मदत मिळवणं. अमृत कौर यांनी याच तीन गोष्टी धरल्या.

१९५० साली जीनिव्हात जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई. देश नवा, गरीब, पण जगाच्या टेबलावर त्याची खुर्ची कुणाच्या मागे नव्हती. मदत मागताना त्या लाजल्या नाहीत. ज्या देशांकडे औषधं आणि तंत्र होतं, त्यांच्याकडे हक्कानं मागितलं. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारणारी माणसं फिरू लागली. १९५८ पर्यंत मलेरियाचे रुग्ण साडेसात कोटींवरून २० लाखांच्या आसपास आले. डास पुढे डीडीटीला पुरून उरले आणि सत्तरच्या दशकात मलेरिया परतला, हेही खरं. पण मधल्या काळात जी माणसं जगली, ती जगलीच.

नर्सच्या पेशाकडे तेव्हा समाज नाक मुरडून बघायचा. चांगल्या घरातली मुलगी नर्स होत नाही, अशी समजूत. १९४७ सालीच भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, नर्सिंगच्या शिक्षणाला देशभर एक दर्जा आला. दिल्लीतल्या सरकारी नर्सिंग कॉलेजला आज राजकुमारी अमृत कौर यांचं नाव आहे. रेडक्रॉसच्या कामातही नर्स त्यांच्यासाठी केंद्रस्थानी राहिल्या.

गांधींच्या शिष्या, हातात सुई

आता अवघड भाग. गांधीजींचा भर निसर्गोपचारावर होता. पाणी, माती, आहार, स्वच्छता. लस आणि इंजेक्शन यांच्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांच्याच आश्रमात घडलेल्या बाईनं आरोग्यमंत्री झाल्यावर काय करावं?

त्यांनी टीबीविरुद्ध बीसीजी लस देशभर न्यायचं ठरवलं. १९४८ साली मद्रासजवळ गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लस बनू लागली. १९५१ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं सामूहिक लसीकरण सुरू झालं. पथकं शाळाशाळांत जाऊ लागली. विरोधही उसळला. ही लस खरंच उपयोगी आहे का, आपल्या मुलांवर प्रयोग चाललाय का, असं विचारलं जाऊ लागलं. १९५५ मध्ये विरोधकांच्या बाजूनं एक मोठा माणूस उभा राहिला. राजाजी. म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, देशाचे माजी गव्हर्नर जनरल, गांधीजींचे व्याही. त्यांनी विरोधात पुस्तिकाच काढली.

गांधींच्या एका अनुयायासमोर गांधींचीच दुसरी अनुयायी. अमृत कौर यांनी मोहीम थांबवली नाही. तज्ज्ञांचं मत, जगभरचा अनुभव पुढे ठेवला आणि काम चालू ठेवलं. पुढे तामिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की प्रौढांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ही लस संरक्षण देत नाही. म्हणजे शंका घेणाऱ्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. पण लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या टीबीसारख्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते. म्हणून आजही आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला बीसीजी देतात. अनेकांच्या दंडावर तिचा तो छोटा गोल व्रण असतो. तुमच्याही असेल, बघा.

एम्सची गोष्ट

देशात एक अशी संस्था हवी, जिथं वैद्यकीय शिक्षक घडतील, संशोधन होईल आणि पुढच्या शिक्षणासाठी पोरांना परदेशी जावं लागणार नाही. ही सूचना भोर समितीच्या अहवालातच होती. कागदावरच्या सूचना कागदावरच राहतात, हा आपला जुना अनुभव. इथं तसं झालं नाही, कारण ती सूचना आपली मानणारी मंत्री खात्यात होती.

पैसा नव्हता. कोलंबो योजनेतून न्यूझीलंडनं १० लाख पौंडांची मदत दिली. एवढासा देश, पण एम्सचा पाया त्यानं भरून दिला. १९५२ साली पायाभरणी झाली. १८ फेब्रुवारी १९५६ रोजी अमृत कौर यांनी लोकसभेत एम्सचं विधेयक मांडलं. ही संस्था त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न होती आणि सभागृहात त्यांनी ते लपवलं नाही.

विधेयकामागचा विचार मात्र भावनेचा नव्हता, बारकाईनं केलेला होता. संस्थेला स्वायत्तता, म्हणजे रोजच्या कारभारात खात्याची लुडबूड नको. डॉक्टर पूर्ण वेळचे, खासगी प्रॅक्टिस बंद. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनीही आवारातच राहायचं. प्रवेश गुणवत्तेवर. सेवाग्रामच्या आश्रमाची आठवण यावी अशी ही रचना, फक्त चरख्याच्या जागी सूक्ष्मदर्शक. त्याच वर्षी कायदा झाला, एम्स सुरू झालं आणि अमृत कौर त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

शिमल्याच्या समर हिलवर मॅनरव्हिल हा त्यांचा वडिलोपार्जित बंगला होता. गांधीजी शिमल्याला आले की तिथं उतरत. हाच बंगला, जिथं इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध ठेवलं होतं. तो त्यांनी एम्सला देऊन टाकला. नर्स आणि कर्मचाऱ्यांना चार दिवस विश्रांतीला जाता यावं म्हणून. रोज दुसऱ्यांची दुखणी उपसणाऱ्या माणसालाही थकवा येतो, हे ज्याला कळतं तोच असं दान देतो.

जिथं पटत नाही

अमृत कौर यांचं सगळंच आज आपल्याला पटेल असं नाही. कुटुंबनियोजनाचंच घ्या. भारतानं १९५२ साली सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आरोग्यमंत्री त्याच होत्या. पण कृत्रिम साधनांबद्दल गांधीजींचा विरोध त्यांच्या मनात पक्का होता. संयम आणि पाळीचे सुरक्षित दिवस पाळण्याची पद्धत, यावरच त्यांचा भर राहिला. त्यासाठी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडून तज्ज्ञही बोलावला. ज्या बाईला नवऱ्याला नाही म्हणायची सोय नाही, तिनं दिवस मोजून काय करायचं? हा प्रश्न तेव्हाही होता. ज्यांनी बीसीजीच्या बाबतीत विज्ञानाचा हात धरला, त्यांनी इथं तो धरायला वेळ लावला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

राखीव जागांचंही तसंच. बायकांना कुबड्या नकोत, समान मताधिकार मिळाला की त्या बरोबरीनं निवडून येतील, हा त्यांच्या पिढीचा विश्वास होता. पहिल्या लोकसभेत महिलांचं प्रमाण जेमतेम ५ टक्के निघालं. अखेर २०२३ साली संसदेला लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखण्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. अमृत कौर यांचा अंदाज चुकला. पण त्या मागणीमागचा ताठ कणा खोटा नव्हता. मला बाई म्हणून सवलत नको, नागरिक म्हणून हक्क हवा, असं १९३३ साली लंडनमध्ये जाऊन सांगायला हिंमत लागते.

त्या हक्काचा पुढचा अंकही बघण्यासारखा आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अमृत कौर हिमाचलच्या मंडी-महासू मतदारसंघातून उभ्या राहिल्या. बर्फामुळे वाटा बंद होण्याआधी मतदान उरकावं म्हणून तिथल्या चिनी भागात, म्हणजे आजच्या किन्नौरमध्ये, ऑक्टोबर १९५१ मध्येच मतं पडली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीतली ही सगळ्यांत पहिली मतं. बाईपुरुष, गरीब-श्रीमंत, शिकलेले-न शिकलेले, सगळ्यांची सारखी. जी मागणी इंग्रजांनी फेटाळली होती, ती पहिल्यांदा अमलात आली मागणाऱ्या बाईच्याच मतदारसंघात. त्या निवडूनही आल्या.

मागे काय उरलं

१९५७ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, पण घरी बसल्या नाहीत. राज्यसभा, रेडक्रॉस, टीबीविरोधी काम, एम्स, हे अखेरपर्यंत चालू राहिलं. १९६४ साली दिल्लीत त्यांचं निधन झालं. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, घरही देऊन टाकलेलं. २०२० साली टाइम या अमेरिकी साप्ताहिकानं गेल्या शंभर वर्षांतल्या शंभर महिलांची यादी काढली, तेव्हा १९४७ या सालासाठी नाव निवडलं ते अमृत कौर यांचं.

कॉलेजच्या वयात मोठं काहीतरी सोडून देण्याचं आकर्षण असतं. नोकरी सोडून समाजसेवा, शहर सोडून गाव. अशा निर्णयांना टाळ्याही लगेच मिळतात. अमृत कौर यांनीही सोडलं, पण त्यांच्या नावावर आज जे जमा आहे ते त्यानंतरचं आहे. समित्यांच्या बैठका, कायद्याचे मसुदे, पैशांची जुळवाजुळव, स्वतःच्याच माणसांशी वाद. या कामाला टाळ्या नसतात, फोटोही नसतो. पण रुग्णालय उभं राहतं ते याच कामातून. रोज पहाटे दिल्लीच्या एम्सबाहेर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्ण रांग लावतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, आणि त्यांना उपचार मिळायला ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

आता एम्स एकट्या दिल्लीत नाही. २०१८ पासून नागपुरातही आहे. ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडानं अमृत कौर यांना घटना समितीवर पाठवलं, त्याच प्रांताच्या जुन्या राजधानीत. तिथून सेवाग्राम दीड-दोन तासांवर आहे. विदर्भातल्या एखाद्या गावातली मुलगी यंदा नीट पास होऊन नागपूरच्या एम्समध्ये दाखल झाली, तर तिची फी, तिचं वसतिगृह, तिची पूर्ण वेळ शिकवणारी माणसं, या सगळ्यामागे १९५६ सालचा तो कायदा असेल. पुढच्या वेळी परीक्षेत तो एका मार्काचा प्रश्न आला, तर उत्तर लिहाच. आणि मनात त्यापुढे थोडं आणखी लिहून ठेवा.